चहाच्या गाडीचं उड्डाण

"शनिवारी पोरगी उडणार. नाही उडाली तर ही मिशी उतरवीन."

लेन डाऊजनं हे भर पबमध्ये सांगितलं आणि सांगताना मिशीला असा पीळ दिला, की शेजारच्याच्या बिअरचा फेस टोकाला लागला. आता लेनची मिशी म्हणजे काय चीज होती ते सांगतो. दोन खारी नाकाखाली पाठीला पाठ लावून झोपल्यात आणि शेपट्या दोन्हीकडं सांडल्यात, असा तो मामला. थॉर्नबी गावात चर्चचा मनोरा आणि लेनची मिशी या दोनच गोष्टी लांबून दिसायच्या. त्यामुळं पबमध्ये क्षणभर कुणी घोट घेतला नाही. माणूस पैज लावतो ती दहा-वीस पौंडांची. ह्यानं जणू घरच पणाला लावलं होतं.

लेन दिवसा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि शनिवार-रविवार तो गावच्या हवाई कॅडेटांचा वॉरंट ऑफिसर असायचा. निळा गणवेश, चकचकीत बूट, आणि आवाज असा, की परेडला 'सावधान' म्हटलं की पलीकडच्या शेतातल्या मेंढ्यासुद्धा पाय जुळवायच्या. पोरं त्याला टरकायची आणि त्याच्यावर जीव टाकायची.

आणि पोरगी म्हणजे हॅरिएट टॉयन. कोबीच्या लॉरीवरच्या ड्रायव्हरची लेक. तेरा वर्षांची असताना तुकडीत आली, ती एकाच कारणासाठी. ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात बसायचं. लेननं पहिल्याच दिवशी तिला शब्द दिला होता, "तुझा नंबर लागला की मी स्वतः इशारा देऊन तुला वर पाठवीन."

नंबर लागणार, एवढ्यात वरून हुकूम आला. ग्लायडरांच्या देखभालीत काहीतरी खोट निघाली, सगळी उड्डाणं बंद. हुकमात शब्द होता 'तूर्त विराम'. लेननं पोरांना समजावलं, अरे, विराम म्हणजे काय, वाक्यात स्वल्पविराम असतो ना, श्वास घ्यायचा आणि पुढं वाचायचं, तसं. पोरांनी श्वास घेतला. उन्हाळा गेला, हिवाळा गेला, परत उन्हाळा आला. ग्लायडर नेले ते नेलेच. तेरा वर्षांची पोरं सोळाची झाली, त्यांना दाढ्या फुटल्या, काहींनी तुकडी सोडून फुटबॉल धरला. स्वल्पविरामाची शेपटी काही संपेना.

हॅरिएट मात्र राहिली. विमान नसलं म्हणून काय, ती म्हणायची, बाकी सगळं तर आहे. आणि खरंच होतं ते. मैदान होतं. विंच होतं, म्हणजे मैदानाच्या त्या टोकाला उभं असलेलं ते थोराड डिझेल इंजिन, जे लांबलचक तार गुंडाळत ग्लायडरला पतंगासारखं वर खेचतं. विंचवर आर्थर पिंडर होता, म्हातारा शेतकरी, कानावर आवाज अडवायची टोपडी चढवली की त्याला देवानं हाक मारली तरी कळायचं नाही. त्याला कळायचे फक्त इशारे.

इशारे तीनच. इशारा देणाऱ्यानं हात खाली, कमरेच्या पातळीवर झुलवला की 'ढील काढ', म्हणजे तार हळूहळू ओढ. हात डोक्यावर जोरात फिरवला की 'पूर्ण जोर'. आणि हात सरळ वर उभा केला की 'थांब'. आर्थर एवढ्या लांबून हात कसला बघणार? म्हणून बाजूला एक दिवेवाला असतो. हात बघून तो दिवा उघडझाप करतो. हळू, जलद, किंवा अखंड.

आता ग्लायडरशिवाय सराव कशावर करायचा? लेननं तोड काढली. त्याची बायको मॉरीन मैदानावर चहाची गाडी चालवायची. जुनी, गोल पाठीची, दोन चाकांची कॅरॅव्हॅन. लेननं तिच्या नाकाला खऱ्या ग्लायडरचा तार अडकवायचा आकडा बसवला, आणि ओढला की आकडा सोडवणारा पिवळा गोळाही आत, चहाच्या ओट्याशेजारी, अगदी नियमात असतो तसा. त्या गोळ्यावर मॉरीन फडकी वाळत घालायची. दर शनिवारी गाडी रिकामी करून पोरं तिला तार लावायची, लेन हात झुलवायचा, हॅरिएट दिवा दाखवायची, आर्थर गाडी दहा पावलं ओढायचा, आणि सगळे म्हणायचे, झालं उड्डाण.

दिव्याबाबत लेनचा एकच नियम होता. हात काय म्हणतो तेवढंच दिव्यानं म्हणायचं. मध्ये आपलं डोकं घालायचं नाही. हॅरिएटला तो इतका पाठ झाला होता, की झोपेत लेननं हात हलवला असता तरी तिनं दिवा लावला असता.

अखेर सहा वर्षांनी विराम संपला. म्हणजे अर्धा संपला. वरच्या लोकांनी सुधारणा केल्या. ग्लायडर थोडे, मैदानं निम्मी, नियम दुप्पट. कुठलं मैदान ठेवायचं आणि कुठलं मोडायचं ते बघायला एक बाई फिरत होत्या, विंग कमांडर हेझलडीन. त्या थॉर्नबीला येणार होत्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी, सोबत एक दुरुस्त केलेला ग्लायडर आणि त्याचा पायलट घेऊन. सगळं ठीक दिसलं तर त्याच दिवशी पहिलं उड्डाण. आणि हॅरिएटला पुढच्या आठवड्यात वीस वर्षं पूर्ण होत होती. वीस झाली की कॅडेट राहत नाही. म्हणजे शनिवार नाही, तर कधीच नाही.

म्हणून ती मिशीची पैज.

शनिवार उजाडला तो छान. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, गवत ओलं, ऊन कोवळं. विंग कमांडर बाई वेळेच्या आधीच आल्या. उंच, सडसडीत, बोलणं मोजकं. हसायच्या की नाही ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी विमानं ठेवायचा हँगर बघितला, विंच बघितलं, आर्थरला काही विचारलं. आर्थरनं टोपडी न काढताच "हो हो, सकाळीच जेवलो" असं सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि पुढं गेल्या.

लेन मात्र खुशीत होता. मॉरीननं खास या दिवसासाठी आईचा चिनी मातीचा चहाचा सेट बाहेर काढला होता, गुलाबी फुलांचा, लग्नात आलेला, तोपर्यंत कुणाच्या ओठाला न लागलेला. आणि गरम स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, केले होते, वर स्ट्रॉबेरीचा जॅम. लेननं दोन खाल्ले. खरं तर अडीच. त्यातला बराचसा जॅम पोटात गेला आणि बाकीचा मिशीत राहिला. मिशीवाल्यांना हे नेहमीचंच आहे. घाईत कुणी पुसत बसत नाही.

ग्लायडर जागेवर आणला तेव्हा लक्षात आलं, की चहाची गाडी बरोबर त्याच्या वाटेत उभी आहे आणि रात्रीच्या पावसानं तिची चाकं चिखलात रुतलीत. पोरांनी ढकलून बघितली, हलेना. विंग कमांडर बाई कुठंतरी मैदान बघत फिरत होत्या. त्यांच्यासमोर ट्रॅक्टर आणून गोंधळ कशाला घालायचा? लेनला सोपा मार्ग सुचला. आकडा आहेच, तार आहेच. नेहमीसारखं विंचनं दहा पावलं ओढायची आणि बाजूला घ्यायची.

तो गाडीजवळ जाऊन ओरडला, "मॉरीन, आत आहेस का?"

उत्तर आलं नाही. म्हणजे ती हँगरमध्ये स्कोनला लोणी लावत असणार, असा लेननं हिशेब केला. हिशेब चुकीचा होता. मॉरीन आतच होती, पण त्याच वेळी किटली उकळून शिट्टी घालत होती आणि त्या शिट्टीपुढं लेनचा आवाजसुद्धा पडला. आणि मॉरीन एकटी नव्हती. विंग कमांडर बाई दाराशी थंडीनं हात चोळताना तिला दिसल्या होत्या. मॉरीनला हुद्दाबिद्दा कळत नाही, तिच्या लेखी सगळ्या बायका सारख्या. "ये गं राणी, आत ये, बोटं निळी पडलीत तुझी," म्हणून तिनं बाईंना आत ओढून बाकावर बसवलं होतं आणि गुलाबी फुलांच्या कपात चहा ओतला होता.

बाहेर पोरांनी तार लावली. हॅरिएट लांब, आपल्या दिव्यापाशी. लेन गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि कमरेच्या पातळीवर हात झुलवायला लागला. ढील काढ. हॅरिएटनं दिवा हळू उघडझाप केला. तिकडं आर्थरचं इंजिन घुरघुरलं. तार गवतातून सापासारखी सरळ झाली, गाडीनं चिखलातून चाकं उपसली, आणि सगळं अगदी नेहमीसारखं चाललं होतं.

तेवढ्यात गांधीलमाशी आली.

सप्टेंबरातली गांधीलमाशी म्हणजे हंगाम संपत आलेला, पोट रिकामं आणि डोकं फिरलेलं. तिला मैदानभर दुसरं काही दिसलं नाही. ती थेट लेनच्या मिशीतल्या जॅमवर उतरली आणि आत शिरली. लेननं आधी फुंकर मारली. मग डोकं झटकलं. माशी नाकाच्या दिशेनं निघाली तेव्हा त्याचा धीर सुटला आणि तो हात वर करून डोक्याभोवती फिरवायला लागला. जोरात.

हॅरिएटला तेवढ्या लांबून माशी दिसण्यासारखी नव्हती. तिला दिसला हात. डोक्यावर, गोल, जोरात. तिच्या मनात आलं असेल, चहाच्या गाडीला पूर्ण जोर कशाला? पण डोकं मध्ये घालायचं नाही. तिनं दिवा जलद उघडझाप केला.

आर्थर इतके दिवस याच दिव्याची वाट बघत होता. दर शनिवारी दहा पावलं, दहा पावलं, माणसानं किती दिवस सोसायचं? त्यानं इंजिनाची कांडी पूर्ण रेटली.

आणि गाडी सुटली. सुटली म्हणजे काय, बैल उधळावा तशी. लेन बाजूला पडला म्हणून वाचला. मागचं दार फाडकन उघडलं, स्कोन एकामागून एक बाहेर पडायला लागले, आणि दारातून मॉरीनचा आवाज आला. ती काय म्हणाली ते मी सांगत नाही. पण लेनचं नाव त्यात होतं. मैदानाच्या मधोमध एक उंचवटा आहे, त्यावर गाडीची दोन्ही चाकं जमिनीवरून उठली. हातभर असेल. पण उठली. पोरांनी नंतर शपथेवर सांगितलं, विरामानंतर थॉर्नबीवरून आकाशात गेलेली पहिली वस्तू ती.

लेन माशी विसरून धावत सुटला आणि धावताना "थांबवा, थांबवा" म्हणत दोन्ही हात हवेत फिरवत होता. त्यामुळं इशारा आणखीच पक्का होत होता. पण हॅरिएटनं आता हात बघायचं सोडलं होतं. तिनं उघडं दार बघितलं, दारातली माणसं बघितली. आणि मैदानावरचा सगळ्यात जुना नियम तिला आठवला, की धोका दिसला तर 'थांब' कुणीही म्हणू शकतं, त्याला हुद्दा लागत नाही. तिनं दिवा अखंड धरला.

आर्थरनं जोर काढला. त्याच क्षणी आतून खट्‍ असा आवाज आला आणि तार गाडीपासून सुटून गवतात पडली. गाडी आपल्या गतीनं पुढं गेली, सावकाश होत गेली, आणि शेताच्या कडेच्या पाण्याच्या चरात नाक घालून थांबली.

मग सगळीकडं शांत झालं. मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबल्या.

लेन धापा टाकत पोचला तेव्हा विंग कमांडर बाई दारातून उतरत होत्या. टोपी मानेवर, खांद्यावर एक ओलं फडकं, आणि हातात गुलाबी फुलांचा कप. कपात अजून चहा होता. त्यांनी तो शांतपणे संपवला. मागून मॉरीन उतरली. तिनं लेनकडं फक्त बघितलं. लग्न झालेल्यांना त्याचा अर्थ कळेल.

बाईंनी चौकशी केली, ती तिथंच, चराच्या काठावर उभं राहून. आर्थरला बोलावलं. तो म्हणाला, आपण दिवा बघितला आणि ओढलं, दिवा बघितला आणि सोडलं, पण आजचा ग्लायडर लई जड होता बुवा, पायलटला जेवण कमी करायला सांगा. हॅरिएटला विचारलं. तिनं जे दिसलं ते सांगितलं, जे केलं ते सांगितलं, कुणावर ढकललं नाही. आकडा कुणी सोडवला ते बाईंनी स्वतःच सांगितलं. फडक्याखाली पिवळा गोळा दिसला, आणि त्यांचा हात आपोआप गेला. त्यांनी तरुणपणी याच खात्यात ग्लायडर उडवले होते.

मग लेनची पाळी. तो सावधान उभा. मिशीत अजून जॅम.

"मिस्टर डाऊज, डोक्यावर हात का फिरवलात?"

"गांधीलमाशी, मॅडम."

बाईंनी खांद्यावरचं ओलं फडकं काढून त्याची घडी घातली. लेनच्या डोळ्यांपुढं मैदान नांगरून कोबी लावलेला दिसायला लागला, आणि त्या कोबीच्या लॉरीवर हॅरिएट.

शेवटी बाई म्हणाल्या, की दिवा चोख, विंच चोख, आकडा पहिल्या झटक्यात सुटला, आणि ही पोरगी 'थांब' म्हणायला कचरली नाही. मैदान मोडायला आपल्याला कारण सापडत नाही. एवढी कसून तपासणी आजवर कुठं झाली नाही, करायची इच्छाही नव्हती. फक्त एक अडचण आहे. आजचं उड्डाण कोण इशाऱ्यावर सोडणार?

ही अडचण खरीच होती. नव्या नियमानं इशारा द्यायला परीक्षा पास असावी लागते आणि थॉर्नबीत पास दोघंच होते. एक लेन. दुसरी हॅरिएट. आणि हॅरिएट आत बसणार होती.

त्याच वेळी आणखी एक माशी लेनच्या नाकाशी आली. मग दुसरी. त्यानं हात खाली घट्ट धरून ठेवले, पण ओठ थरथरायला लागला. नळाखाली जाऊन त्यानं मिशी धुतली, तर जॅम आणखी खोल गेला आणि वास आणखी पसरला. बाईंनी घड्याळ बघितलं नाही, तेवढी माणुसकी दाखवली, पण म्हणाल्या, माश्या असेतो मी उड्डाण सोडणार नाही.

हॅरिएट मध्ये पडली. "राहू द्या सर. मी इशारा देते. दुसऱ्या कुणालातरी बसवा. कुणीतरी तर जाईल वर."

लेननं तिच्याकडं बघितलं. मग मॉरीनकडं वळला.

"मॉरीन, बेकन कापायची कात्री कुठंय?"

मॉरीननं कात्री आणली आणि कामाला लागली. तिनं इतकं मन लावून केस कापलेले कुणी बघितले नव्हते. ही इच्छा तिच्या मनात लग्नापासून होती. दोन खारी गवतात पडल्या आणि माश्या त्यांच्यामागं गेल्या. खाली जो ओठ निघाला तो इतका पांढरा आणि गोंडस होता, की तुकडीतली लहान पोरं बघायला पुढं आली आणि लाजून मागं सरकली.

"बाकीचं घरी बोलू," मॉरीन म्हणाली.

हॅरिएट ग्लायडरमध्ये बसली. पट्टे आवळले, काचेचं झाकण बंद झालं. दिव्यापाशी दुसरा कॅडेट गेला. लेन जागेवर उभा राहिला, नागड्या तोंडानं, आणि हात कमरेच्या पातळीवर झुलवला. तार ताणली. मग त्यानं हात डोक्यावर नेला. आयुष्यात त्यानं इतक्या जपून गोल काढला नव्हता.

ग्लायडर चार-सहा उड्या मारून जमिनीवरून सुटला, नाक वर करून चढत गेला, वर तार सुटली, आणि मग आवाजच नाही. नुसता पांढरा तुकडा, हळू वळणारा. लेन मान वर करून बघत राहिला. ओठाला वारा लागत होता, ते त्याला नवीन होतं.

तोवर मागं पोरांनी चहाची गाडी चरातून ओढून काढली, आणि मॉरीन आत गेली, आईच्या चहाच्या सेटचं कपाट उघडायला.

ग्लायडर उतरला. हॅरिएट बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल होते आणि ती नेहमीसारखी भराभर बोलत नव्हती.

"कसं होतं?" लेननं विचारलं.

"शांत, सर," ती म्हणाली. "वरून सगळं दिसतं. समुद्रसुद्धा." मग तिनं जरा घसा साफ केला. "मिसेस डाऊजसुद्धा दिसल्या. हँगरला वळसा घालून इकडंच यायला निघाल्यात. हातात काहीतरी आहे."

लेननं वळून बघितलं. मॉरीन येत होती. हातात चहादाणीचं हँडल होतं. चहादाणी नव्हती.

लेननं हात सरळ वर उभा केला. थांब.

विंग कमांडर बाई जागच्या जागी थांबल्या. सगळे कॅडेट थांबले. दिवा अखंड झाला, लांबवर आर्थरनं इंजिन बंद केलं. अख्ख्या मैदानात तो इशारा न शिकलेलं माणूस एकच होतं, आणि ते चालत येत होतं.